अडीचचे तीन करू नका

मराठी चित्रपटांची परीक्षणं लिहिणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींना,

स. न. वि. वि.

माझं नाव तुमच्यापैकी फारच थोड्यांना आठवेल. अठरा वर्षं मी एका मराठी दैनिकाच्या पुरवणीच्या डेस्कवर होतो. शुक्रवारी रात्री तुमची कॉपी माझ्या हातून पानावर जायची. तुम्ही साडेचारशे शब्द पाठवायचात. जाहिरात आली की मी त्याचे दोनशे करायचो. पुढे मोबाइलवर वाचायची चौकट आली, तेव्हा साठ. कापताना हात ठरलेल्या जागीच जायचा. आधी संकलकाचं नाव, मग ध्वनी, मग कलादिग्दर्शन. कथा मात्र शाबूत राहायची, कारण कथा सांगितली की परीक्षण भरल्यासारखं दिसायचं. आता नोकरी संपली आहे, कुणाला सांभाळून घ्यायचं बंधन राहिलेलं नाही, म्हणून परीक्षणाखाली पाचपैकी जे तारे छापतात त्यांच्याबद्दल उघडपणे लिहितो आहे.

माझी धाकटी बहीण मंगळवेढ्याला असते. तिथे तिची सहाजणींची भिशी आहे. दोघी शिक्षिका, एक अंगणवाडी सेविका, एकीचं किराणा दुकान, बाकीच्या घर बघणाऱ्या. महिन्यातून एकदा या सगळ्या सोलापूरला सिनेमाला जातात. पंचावन्न किलोमीटर, एसटीनं दीड तास. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हापासून हे जाणं नियमाचं झालं. शुक्रवारी रात्री तिचा फोन येतो, "दादा, बघावा का?" मी सुरुवातीला तारे सांगायचो. एकदा ती म्हणाली, "तीन म्हणजे काय रे? गेल्या वेळीही तीन होते, त्याआधीही तीन. आम्हाला काय आहे ते सांग. सासूबाईंना गुडघ्यामुळे अडीच तास बसवत नाही, पोरगी अजून शाळेत आहे, आणि आमच्यातल्या एकीचे मिस्टर मार्चमध्ये गेलेत. हे सगळं धरून सांग."

परीक्षण कुणासाठी लिहायचं, हे मला डेस्कवर अठरा वर्षांत कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

या पत्राच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती आधी सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एक कौटुंबिक म्हणून जाहिरात झालेला मराठी चित्रपट आला. तुमच्यातल्याच एकानं त्याचं परीक्षण पाठवलं. नेटकं, विचार करून लिहिलेलं. शेवटून दुसरं वाक्य असं होतं, की उत्तरार्धात एका मुलीवरच्या अत्याचाराचा प्रसंग लांबवला आहे आणि तो लहान मुलांनी पाहण्यासारखा नाही. खाली अडीच तारे. त्या रात्री अर्ध्या पानाची जाहिरात आली, चार ओळी जास्त होत्या, आणि मी ते वाक्य काढलं. दहा वाजता वरून फोन आला, ‘अडीच बरं दिसत नाही, तीन कर, मराठी आहे.’ मी तीन केले. शीर्षकाखाली जाड अक्षरांची ओळ हवी होती, तिथे ‘सहकुटुंब पाहावा असा’ हे मीच टाकलं. पान अकराला सुटलं.

रविवारी बहीण सासूबाईंना आणि मुलीला घेऊन तो चित्रपट बघून आली. तो प्रसंग सुरू झाल्यावर मुलीनं आजीच्या पदरात तोंड घातलं आणि सिनेमा संपेपर्यंत वर काढलं नाही. परतीच्या एसटीत कुणी बोललं नाही. जाताना चिवड्याचा डबा नेला होता, तो तसाच घरी आला. हे मला बहिणीनं सांगितलं नाही, भाचीनं पुढे कधीतरी सांगितलं. बहिणीनं फक्त एवढंच विचारलं होतं, "तुमच्या पेपरात लिहिणारे सिनेमा बघतात ना?"

लिहिणाऱ्यानं सिनेमा बघितला होता. इशाराही दिला होता. तो मी कापला होता.

तेव्हापासून मी ‘तीन तारे’ या गोष्टीकडे फार काळजीनं बघायला लागलो. वर्षाची कात्रणं काढून बसलो की दिसतं, मराठी चित्रपटांच्या परीक्षणाखाली तीनचा आकडा जवळजवळ छापूनच ठेवलेला असतो. अगदी वाईटाला अडीच, अगदी चांगल्याला साडेतीन, आणि मधले सगळे तीन. असं का होतं हे मला आतून माहीत आहे, आणि त्यात तुमचा दोष सगळ्यात कमी आहे. गुरुवारी संध्याकाळी खास खेळ असतो. तो संपतो तेव्हा दिग्दर्शक दाराशी उभा असतो. पाच-पाच वर्षं कर्ज काढून केलेलं काम, डोळ्यांत झोप नाही, आणि तो हात हातात घेऊन विचारतो, ‘कसा वाटला?’ आपली चित्रसृष्टी लहान आहे. ज्याच्याबद्दल आज लिहायचं, त्यालाच पुढच्या महिन्यात मुलाखतीला बोलवायचं असतं. शिवाय पोस्टर. साडेतीन तारे दिले की रविवारच्या जाहिरातीत तुमच्या दैनिकाचं नाव झळकतं. अडीच तारे कुणी पोस्टरवर छापत नाही.

आणि या सगळ्याच्या वर ती भावना आहे, मराठी आहे, आपणच सांभाळून घ्यायचं. ही भावना खोटी नाही. मराठी चित्रपटाला पडदा मिळवण्यासाठी काय काय करावं लागलं ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारला मल्टिप्लेक्सवर प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर करावी लागली. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हटलं, मग दुपारी बारा ते रात्री नऊ असं सैल केलं. आजही मोठा हिंदी चित्रपट समोर आला की मराठीच्या वाट्याला सकाळी दहाचा किंवा दुपारी अडीचचा खेळ येतो, आणि सोमवारी तोही राहील याचा भरवसा नसतो. अशा वेळी लिहिणाऱ्याचा हात अर्धा तारा वर जातो. मी तो जाताना पाहिला आहे, मी स्वतः तो वर नेला आहे.

पण त्या अर्ध्या ताऱ्याचे पैसे कोण भरतं? मंगळवेढ्याच्या सहाजणी भरतात. एकदा फसल्या की त्या दिग्दर्शकाचं नाव लक्षात ठेवत नाहीत, समीक्षकाचंही नाही. त्या म्हणतात, ‘मराठीत असंच असतं.’ मग दोन महिन्यांनी खरोखर चांगला चित्रपट येतो, तुम्ही मनापासून साडेतीन देता, आणि तो अर्धा तारा त्यांना ऐकूच जात नाही. सांभाळून घेतलेल्या दहा चित्रपटांचं ओझं त्या अकराव्यावर पडतं. माझं म्हणणं सगळं मिळून एवढंच आहे.

आता आपल्या तयार वाक्यांबद्दल. ‘एकदा पाहायला हरकत नाही.’ ‘पटकथा अजून घट्ट हवी होती.’ ‘तांत्रिक बाजू उत्तम.’ ‘मध्यंतरानंतर रेंगाळतो.’ ही वाक्यं इतक्या वेळा माझ्या हाताखालून गेली की पुढची पुढची मी न वाचता सोडायचो. यातली पहिली तीन निरुपयोगी आहेत, पण चौथी नुकसान करते. ‘सैराट’ आठवा. २९ एप्रिल २०१६ ला तो आला, तेव्हा मध्यंतरापर्यंत विहिरी, ऊस, ट्रॅक्टर, गाणी. आमच्याच जिल्ह्यातली करमाळ्याकडची भाषा पडद्यावर ऐकून बहिणीच्या घोळक्याला भरून आलं होतं. मध्यंतरानंतर हैदराबादची झोपडपट्टी, डोशाचा गाडा, कारखान्यातलं काम, पाण्याची, भाषेची मारामार, एकमेकांवरचा संशय. हो, तिथे वेग कमी होतो. होणारच. पळून गेल्यावर आयुष्य कसं ओढावं लागतं ते दाखवायचं, तर ते धावत कसं दाखवणार? ‘रेंगाळतो’ म्हणणाऱ्यानं पुढे एक वाक्य लिहायला हवं, की हा संथपणा गोष्टीनं मागितलेला आहे की संकलनात राहून गेलेला आहे. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक सांगणं हेच तुमचं काम आहे. बाकी सगळं जाहिरातीतूनही कळतं.

‘संथ’ या शब्दानं माझं स्वतःचं एक नुकसान केलं, तेही सांगतो. जून २०१५ मध्ये ‘किल्ला’ आला. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला अकरा वर्षांचा मुलगा, नवी शाळा, नवे मित्र, पाऊस. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या विभागात पारितोषिक मिळवून आलेला चित्रपट. एका ठिकाणी वाचलं, ‘संथ, महोत्सवी’. त्या आठवड्यात थकलो होतो, म्हटलं नंतर बघू. नंतर तो थिएटरातून गेला. दोन वर्षांनी मोबाइलवर पाहिला. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शन केलं आहे आणि कॅमेराही स्वतःच चालवला आहे. ते मित्र त्या पोराला किल्ल्यात सोडून जातात आणि पाऊस येतो, तो प्रसंग मी तळहाताएवढ्या काचेवर बघत होतो. तो मोठ्या पडद्यावर, अंधारात, पावसाचा आवाज चहूबाजूंनी येत असताना बघायचा होता. त्या परीक्षणात ‘संथ’च्या जागी ‘हा थिएटरातच बघा, पाऊस ऐकायला’ असं असतं तर मी गेलो असतो. पाच शब्दांचा प्रश्न होता. आणि ध्वनीबद्दलची वाक्यं सगळ्यात आधी कापणारा मीच, हेही विसरत नाही.

सप्टेंबर २०२५ मधले लागोपाठचे दोन शुक्रवार मला या बाबतीत फार बोलके वाटतात. १२ तारखेला ‘दशावतार’ आला, १९ ला ‘साबर बोंडं’. दोन्हींत गाव आहे, दोन्हींत बाप आणि मुलगा आहे. एकात ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर कोकणातला दशावतारी कलावंत उभा करतात, ज्याची नजर मंदावत चालली आहे. तिथे रंग आहेत, मुखवटे आहेत, जंगल आहे, राग आहे, टाळ्यांच्या जागा आहेत. दुसऱ्यात वडील वारले म्हणून मुंबईहून आईबरोबर गावी आलेला तिशीचा मुलगा दहा दिवसांचं सुतक पाळतो. काय घालायचं, काय खायचं, अनवाणी कुठवर जायचं, आणि या सगळ्यांत ‘लग्न कधी’ हा नातेवाइकांचा प्रश्न. आणि बालपणीचा मित्र, ज्याच्याशी असलेलं नातं तो गावात कुणाला सांगू शकत नाही. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी थांबून बघत राहतो. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं.

आता सांगा, या दोघांना पाच ताऱ्यांची एकच पट्टी कशी लावायची? ‘दशावतार’ला विचारायचं, की थिएटर भरून टाकायची जी प्रतिज्ञा केलीस ती शेवटपर्यंत निभावलीस का? ‘साबर बोंडं’ला विचारायचं, की इतकं थांबून बघायला लावलंस, त्या थांबण्यात काही दिसलं का? दोघांची उत्तरं वेगळी, दोघांचे प्रेक्षकही काही प्रमाणात वेगळे. मी बहिणीला पहिल्याबद्दल सांगितलं, "सगळ्या जा, सासूबाईंनाही ने, मागच्या रांगेत बसा म्हणजे पाय पसरता येतील." दुसऱ्याबद्दल सांगितलं, "ज्यांच्या घरी गेल्या वर्षभरात कुणी गेलंय त्यांना आधी विचार. यात सुतक खरं आहे. आणि दोन मुलग्यांमधलं प्रेम आहे, ते फार हळुवार आहे." ज्यांचे मिस्टर गेले होते त्या म्हणाल्या, मला तोच बघायचाय. दोघीच गेल्या. परत आल्यावर त्या बाई म्हणाल्या, की सुतकात लोक किती बोलतात आणि माणसाला किती एकटं वाटतं, ते मी आजवर कुणाला सांगू शकले नव्हते. त्या मुलांच्या प्रेमाबद्दल दोघींपैकी एकीनंही वाकडा शब्द काढला नाही. हे कुठल्या ताऱ्यात बसवणार?

लहान परीक्षण वाईट असतं असं मी मुळीच म्हणत नाही. उलट साठ शब्दांवर माझा जीव आहे, अठरा वर्षं तेच घडवत होतो. साठ शब्दांत न्याय देता येतो, पण त्यासाठी साडेचारशेंपेक्षा जास्त विचार लागतो. घरी बसून मी जुन्या चित्रपटांवर तशा चौकटी लिहून बघतो. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या ‘वाळवी’वर लिहिलेली ही:

‘नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोचा काटा काढायचं ठरवतात, आणि ते आत्महत्येसारखं दिसावं असा बेत आखतात. बेत मिनिटामिनिटाचा, आणि मिनिटामिनिटाला बिघडणारा. हसू येतं, आणि हसल्याचं मागून वाईट वाटतं. उशिरा पोचणार असाल तर पुढचा खेळ घ्या, सुरुवात चुकली की मजा गेली. शेवट कुणालाही विचारू नका. नाव तेवढं लक्षात ठेवून बसा.’

यात नटांची यादी नाही, ती पोस्टरवर आहे. शेवट नाही. रहस्यपटाच्या परीक्षणात ‘धक्कादायक शेवट’ एवढं लिहिलं तरी निम्मं बिंग फुटतं, कारण प्रेक्षक मग पहिल्या मिनिटापासून दिसेल त्याच्यावर संशय घेत बसतो.

‘बाईपण भारी देवा’साठी मात्र मोजमापच वेगळं. ३० जून २०२३ ला तो आला, आणि पुढचे कित्येक आठवडे बायका नऊवारी नेसून, घोळक्यानं थिएटरात जात होत्या. सहा बहिणी, त्यांच्यातला जुना अबोला, मंगळागौरीची स्पर्धा. पुढे काय होणार ते वीस मिनिटांत कळतं आणि त्यानं काहीही बिघडत नाही. ‘कथानक अपेक्षित वळणानं जातं’ असं तिथे दोष म्हणून लिहिणं म्हणजे भजनाला ‘यात ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं’ म्हणण्यासारखं आहे. विचारायचं ते हे, की सहाही बहिणींना स्वतःचं दुःख मिळालंय का, की दोघींना मिळालंय आणि बाकीच्या जागा भरायला आहेत. त्याचं उत्तर त्या चित्रपटावर टीका करणारंही असू शकतं. पण ती टीका त्याच्याच अंगणात उभं राहून केलेली असेल.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला ‘आत्मपॅम्फ्लेट’. शाळकरी मुलाच्या एकतर्फी प्रेमाच्या आडून जात, धर्म आणि बदलत जाणारा देश सांगणारा. त्याला विनोदी म्हणावं, प्रेमकथा म्हणावं की राजकीय, हे चौकटीत ‘प्रकार’ या रकान्यापुढे लिहिताना डेस्कवरच्या माणसाची पंचाईत होते. माझी विनंती, अशा वेळी तो रकाना रिकामा ठेवा आणि एक पूर्ण वाक्य लिहा.

आता थोड्या मागण्या, त्या तुमच्याबरोबरच तुमच्या संपादकांनाही.

चित्रपटाची लांबी छापा. गुडघे दुखणाऱ्या, लहान मूल कडेवर असलेल्या, शेवटची गाडी गाठायची असलेल्या माणसाला ती ताऱ्यांपेक्षा महत्त्वाची आहे. सेन्सॉरचं प्रमाणपत्र छापा. नोव्हेंबर २०२४ पासून ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या चित्रपटांचे, सात, तेरा आणि सोळा वर्षांचे वेगवेगळे प्रकार झाले आहेत. ते कशामुळे दिलं असावं हे अर्ध्या ओळीत सांगा, म्हणजे कुठल्या घरातलं कुठलं मूल न्यायचं ते आईला ठरवता येईल. खास खेळाला पाहुणे म्हणून बोलावलं होतं की तिकीट काढून प्रेक्षकांत बसून पाहिलात, तेही सांगा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण पाहुण्यांनी भरलेल्या सभागृहात टाळ्या वेगळ्या पडतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

संपादकांना हात जोडून एक मागणं. समीक्षकानं दिलेले तारे त्याला न विचारता बदलू नका. आणि कॉपी कापताना इशारा कापू नका. कथा कापा, हवी तेवढी कापा. जमलं तर संकलकाचं नाव ठेवा. ते नाव ठेवायला एका ओळीचा एक तृतीयांश भाग लागतो, मी मोजला आहे.

आणि तुमच्यातले जे नुकतेच लिहायला लागले आहेत, ज्यांना मानधन थोडं आणि उशिरा मिळतं, जे शुक्रवारचा पहिला खेळ बघून चारच्या आत कॉपी पाठवतात, त्यांना सांगतो: दाराशी उभा असलेला दिग्दर्शक ‘कसा वाटला’ विचारेल तेव्हा नम्रपणे म्हणा, ‘शनिवारी वाचा.’ मग घरी जाऊन खरं लिहा. त्याला राग येईल. पण पाच वर्षं घालवलेल्या माणसाला ‘दुसऱ्या अंकात आईची व्यक्तिरेखा हातातून सुटली’ हे नेमकं वाक्य, ‘पाहायला हरकत नाही’पेक्षा जास्त दिवस उपयोगी पडतं. माझ्या ओळखीच्या एका दिग्दर्शकानं अशा एका वाक्याचं कात्रण पुढच्या चित्रपटाच्या संहितेच्या पहिल्या पानावर चिकटवलेलं मी पाहिलं आहे.

भिशी या महिन्यात दुसऱ्या शनिवारी उघडते आहे. रविवारी सकाळची एसटी पकडून सोलापूर, दुपारचा खेळ, आणि दिवेलागणीच्या आत परत. या वेळी भाचीही जाणार आहे, आता ती कॉलेजात आहे आणि कुठला बघायचा ते तिला विचारूनच ठरणार आहे. तिकिटं शुक्रवारी रात्रीच मोबाइलवर काढतात, त्यामुळे फोन साडेआठपर्यंत येईल. मी तुमचं परीक्षण समोर उघडून बसलेला असेन.

कळावे,

तुमची कॉपी कापणारा एक निवृत्त उपसंपादक